ट्रॅक्टरची खांदेमळणी

१८ मे १९४७, रविवार

ट्रॅक्टर आला. सगळा गाव वेशीकडं पळाला, हत्ती आल्यासारखा! आव्वा सगळ्यांच्या पुढं, हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा. ओवाळून टाकला. धाकट्या लेकावरनं आणि त्या लोखंडावरनं — दोन्हींवरनं! तो लढाईवर गेला ती सगळी वर्षं हे घर, ही जमीन, ही तंबाखू मी सांभाळली. माझ्यावरनं कुणी भाकरतुकडा ओवाळला नाही.

मिलिटरीच्या लिलावातला जुना ट्रॅक्टर. रंग उडालेला, सीट फाटकी. धाकट्या भावानं, पायगोंडानं, पलटणीत जे काही साठवलं ते सगळं त्यात घातलं. निपाणीवरनं स्वतः हाकत आला. डाव्या हाताची दोन बोटं लढाईत गेली, तरी ऐट बघा! उतरल्या उतरल्या माझ्या पाया पडला. मी पाय मागं घेतला नाही. आशीर्वादही दिला नाही.

२० मे

वाटणीचं बोलला. शेवटी बोललाच! आमच्या बापाचे चुलतभाऊ चंद्रप्पाकाका, त्यांना मधी घालून. "आण्णा, मला विहिरीकडचं खालचं शेत दे. हरळीनं खाल्लंय, तुला तरी कुठं पीक येतंय त्यात? मी ट्रॅक्टरनं साफ करतो."

शहाणाच आहे! गावातली सगळ्यांत काळी जमीन ती. हरळी माजली म्हणून पडीक, एवढंच. मुळ्या इतक्या खोल की बैलांचे नांगर मोडून पडले तिथं. साफ झाली तर सोनं आहे, आणि हे त्याला ठाऊक आहे.

मी म्हणालो, "काका, तुम्ही साक्षीला. मिरगाचं नक्षत्र निघायच्या आत ह्यानं सगळी हरळी उलथून दाखवली तर शेत ह्याचं, विहिरीतला हिस्साही ह्याचा. नाही जमलं तर वाटणीचं नाव काढायचं नाही. ट्रॅक्टर घरात राहील आणि हा आपल्या वाटेनं जाईल."

काका म्हणाले, "कलगोंडा, सख्खा भाऊ हाय रं तुझा." मी म्हटलं, म्हणूनच संधी देतोय.

पायगोंडा हसला. "चालतंय काका." मेल्याला स्वतःवर केवढा भरवसा!

२३ मे

चालतोय. मेला चालतोय! नांगराचा फाळ जमिनीत जातो आणि हरळीच्या मुळ्या तटातट तुटून वर येतात. बघे बांधावर बसून टाळ्या वाजवतात. आमचा बैलांचा गडी रवळू तोंड उघडं टाकून बघत होता. त्याला म्हटलं, बैलांना वैरण कोण घालणार, तुझा बाप? खाली मान घालून गेला.

२७ मे

दिवस मावळेपर्यंत पायगोंडा शेतातनं आला नाही. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर अन्न नाही. मी तारामतीला म्हटलं, ताट उचल. ती म्हणाली, "आलेतच की भावजी, ट्रॅक्टरचा आवाज वेशीपाशी येतोय." म्हटलं, बायको माझी आहेस का त्याची? आवाज ऐकू नको, सूर्य बघ.

उचललं. तो आला, हातपाय धुतले, रिकामा पाट बघितला, सोप्यात आडवा झाला. पाणीसुद्धा प्यायला नाही. धर्म म्हणजे धर्म! आव्वाचं तोंड बघण्यासारखं होतं. लेक उपाशी, आणि तिलाच म्हणता येईना की वाढ!

२८ मे

आजही ताट उचललं.

३० मे

आज पहिल्यांदा कुरकुरला! गियर टाकताना कर्रर्र असा आवाज. मला वाटलं, बसला एकदाचा. मुद्दाम शेतात गेलो. कुठलं काय! इंजिन आणि गियरपेटी ह्यांच्या मधी एक उंचवटा आहे, त्याच्यावरचं झाकण पायगोंडानं काढलं, पाना फिरवला, पेडल दोनदा दाबून बघितलं. "क्लच पुरता सुटत नव्हता आण्णा. पेडलला ढील जास्त झालेली." पुन्हा गियर टाकला. लोण्यात सुरी!

मग मला समजावत बसला. "हिकडं इंजिन, तिकडं चाकं. मधी ही प्लेट. ती घट्ट धरती तवा इंजिनाचा जोर चाकाला जातोय. बाकी सगळ्या अंगाला ह्येला तेल पाज, पण ह्या झाकणाच्या आत थेंब जाता कामा न्हाय. तेल लागलं की प्लेट घसरली. मग इंजिन नुसतं बोंबलणार, चाक जागचं हलणार न्हाय."

पहिलीतल्या पोराला सांगावं तसं! थोरल्याला! मी मान हलवली आणि ध्यानात ठेवलं.

शेत तीन हिस्से झालंय. विहिरीकडचा चौथा तेवढा राहिला. वाळल्या हरळीचे ढीग लागलेत बांधाला. रवळू म्हणतो, "पाटील, मिरगाच्या आधीच उरकतंय बघा." त्याला वाटलं मला आनंद होईल.

१ जून

तो जिंकतोय.

२ जून, सोमवार

उद्या बेंदूर, आज खांदेमळणी. सकाळीच आव्वानं बजावलं — आज आणि उद्या कुठल्याच जनावराला जुपायचं नाही. ट्रॅक्टरलाही नाही! पायगोंडा म्हणाला, "आव्वा, ते जनावर न्हवं गं." ती म्हणाली, "काम करतंय न्हवं? मग जनावरच. सणाला त्येलाबी इसावा."

आणि त्यानं ऐकलं! मिरग तोंडावर आलाय आणि हा आईच्या शब्दापायी दोन दिवस बसून काढतोय. असल्या माणसाला जमीन पाहिजे! रॉकेल बघतो म्हणून निपाणीला गेला. जाण्याआधी क्लच आणखी एकदा तपासायला झाकण काढलेलं, ते तसंच उघडं, वर गोणपाट टाकलेलं.

दुपारी रवळूनं बैल धुऊन आणले. आव्वानं करडईचं तेल कोमट केलं, त्यात हळद कालवली आणि बैलांचे खांदे मळले, जू घासतं तिथं. बैल डोळे मिटून उभे. मग उरलेली वाटी घेऊन ती ट्रॅक्टरपाशी गेली. त्याच्याभोवती फिरली. हात लावून बघितला. "रवळू, ह्येचा खांदा कुठं रं?"

रवळू डोकं खाजवत उभा. "काय म्हाईत आव्वा. धाकल्या पाटलास्नी इचारा की."

मी सोप्यात बसलो होतो. उठलो. गोणपाट बाजूला केलं आणि बोट दाखवलं. "हितं, आव्वा. सगळा जोर हितनंच जातोय."

खोटं एक अक्षर नाही! त्याचंच वाक्य.

तिनं उंचवटा मळला. मग भोकातनं हात आत घातला, पोचेल तिथवर मळलं. आणि उरलेलं तेल सगळं आत ओतलं. "पी बाबा. माझ्या लेकासाठनं लई राबतंयस." डोळ्याला पदर लावला. मी गोणपाट परत झाकलं. मी तेलाला हात लावलेला नाही.

३ जून

बेंदूर. पुरणपोळी उत्तम झालेली. चार खाल्ल्या. संध्याकाळी पायगोंडानं आत न बघताच झाकण आवळून टाकलं. सणाच्या गडबडीत होता, भावकीतली पोरंसोरं भोवती.

४ जून

घसरला!

सकाळी पहिलं तास, नांगराची पहिली रेघ, कसंबसं गेलं. दुसऱ्या तासाला फाळ हरळीत रुतला आणि ट्रॅक्टर थांबला. थांबला म्हणजे चाकं थांबली. इंजिन बोंबलतंय, धूर ओकतंय, चाक जागचं हलत नाही. बांधावरची मंडळी हसायला लागली. मी हसलो नाही. मी फक्त बघत होतो.

पायगोंडानं पेडलची ढील तपासली. बरोबर. गियर बदलून बघितले, सगळे नीट पडतात. मग त्यानं साखळी घेऊन ट्रॅक्टर चिंचेच्या बुंध्याला बांधला, वरचा गियर टाकला आणि क्लच एकदम सोडला. मला म्हणाला, "आता इंजिन गचकन मरायला पाहिजे आण्णा. मेलं तर क्लच चांगला." मेलं नाही. उलट जोरात फिरत राहिलं. आणि वास सुटला. फोडणी करपल्याचा वास! मला तोंडाला उपरणं लावावं लागलं, इतकं हसू येत होतं.

त्यानं इंजिन बंद केलं. झाकण काढलं. आत हात घातला. बोटं बाहेर काढून बराच वेळ बघत राहिला, मग चड्डीला पुसली आणि झाकण लावून टाकलं.

मी विचारलं, "काय झालंय रे?"

"स्प्रिंग ढिली पडलीय," म्हणाला.

स्प्रिंग! हळदीचा वास नाकात जातोय आणि ह्याला स्प्रिंग दिसतेय! मिलिटरीत काय ह्याला भांडी घासायला ठेवलेलं?

५ जून

आव्वा दिवसभर त्याच्यामागं. "माझ्या हातनं खांदा मळलाय त्येचा. असा कसा रुसंल?" पायगोंडा म्हणाला, "तू मळलास म्हणून तर इतका तरी चालतोय आव्वा." गोड बोलायला बरं जमतं.

माझ्याकडं आला. घरच्या मोटारीसाठी पेट्रोलचा डबा ठेवलाय तो मागायला. "आतलं धुवून बघतो आण्णा." कोठीची किल्ली माझ्या कमरेला. म्हटलं, पेट्रोल रेशनवर आहे, स्प्रिंग धुवायला मिळत नाही.  वाटलं, आता हात जोडेल. नाही जोडले. म्हणाला, "तर मग बेळगावला जाऊन प्लेटला नवं अस्तर बसवून आणतो." म्हटलं, जा की! सगळा ट्रॅक्टर मधनं खोल, प्लेट काढ, बेळगावला जा, परत ये, जोड. मिरग तुझ्यासाठी थांबतोय.

चंद्रप्पाकाका निपाणीहून आले, सांगत होते, देशाची वाटणी ठरली, रेडिओवर सांगितलं. म्हटलं बघा, एवढ्या मोठ्या लोकांना भांडण मिटवता आलं नाही. मी बरा!

६ जून

 पायगोंडानं चुलीतली राख वस्त्रगाळ केली आणि झाकणातनं आत फुंकली. ट्रॅक्टर निघाला की! एक तास, दुसरं, तिसरं... हरळी पुन्हा तटातट. मी बांधावरनं राहिलेली हरळी मोजतोय. राहिलेल्या तुकड्यातला जवळजवळ निम्मा उरकला. मग पुन्हा तोच बोंबलणारा आवाज, तोच फोडणीचा वास. बसला. बरं वाटलं. जीव भांड्यात पडला.

दिवस मावळल्यावर आला. ताट मी आधीच उचलायला लावलेलं.

७ जून

तारामती सकाळी न्हाणीघराच्या दाराशी आडवी आली. हळूच म्हणाली, "खांदेमळणीला मी खिडकीत होते. तुमचं बोट बघितलंय मी." म्हटलं, मग? "सासूबाईंस्नी सांगितलं तर त्यांचा जीव जाईल. न्हाय सांगितलं तर भावजींचं शेत जातंय. मी काय करू, तुम्हीच सांगा."

एक ठेवून दिली. सांगितलं, तोंड बंद ठेव, हे कर. आता तिचा प्रश्न मिटला. गाल झाकून दिवसभर भाकऱ्या थापत होती.

पायगोंडा अजूनही राख फुंकतोय. हात कोपरापर्यंत काळे. अर्धंच तास जातो आणि घसरतो. विहिरीकडची पट्टी उरलीय. सोप्यातनं दिसते, हिरवीगार.

८ जून, रविवार

मिरग निघाला. हिरवी पट्टी तशीच!

देवळाच्या, बसदीच्या कट्ट्यावर काका आणि चारपाच मंडळी बसली. काकांनी सरळ विचारलं, "पायगोंडा, एवढा चालता ट्रॅक्टर सणानंतरच कसा बसला रं? कुणी हात लावला असंल तर नाव सांग. दोष तुझा न्हाय, तर मुदत वाढवून देऊ. आठ दिवस घे, पंधरा घे."

 हे मला सुचलंच नव्हतं! मीच आधी बोललो. "रवळू असणार. ह्याला बैलांचं लई प्रेम. ट्रॅक्टर आला तर आपली चाकरी जाईल म्हणून केलं असणार."

रवळूनं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. माझ्याकडं बघत होता. त्यानं त्या दिवशी सगळं बघितलंय, पण बोलणार काय? त्याचं खोपटं माझ्या जागेत. "न्हाय वो पाटील," एवढंच म्हणत राहिला, "न्हाय वो, न्हाय वो."

"रवळूचं नाव घेऊ नको आण्णा," पायगोंडा म्हणाला. मग काकांच्याकडं वळला. "कुणी हात लावला न्हाय काका. चूक माझी. झाकण उघडं टाकून मीच गेलतो. घाण गेली आत."

काका म्हणाले, "नीट इचार करून बोल. जमीन जातीय."

"इचार केलाय काका."

आव्वा बायकांच्यात बसलेली. डोळे पुसत होती. त्यानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि अंगठा — हो, त्याला सही येते, पण काकांच्या रीतीनं अंगठा — कागदावर उठवला. शेत माझं. ट्रॅक्टर माझा. इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. जिंकता आलं असतं त्याला, नुसतं तोंड उघडायचं होतं! मूर्ख.

घरी येऊन रवळूला खोपटं खाली करायला सांगितलं. बायको बाळंतीण आहे म्हणाला. म्हटलं, मग गाडी हळू हाक.

९ जून

पायगोंडा उद्या जाणार. बेळगावात मोटारीच्या कारखान्यात काम मिळेल म्हणतो. पण सकाळपासनं अंगणात ट्रॅक्टर खोलून बसला. "बिघडलेलं ठेवून जाणार न्हाय." रवळू त्याच्या हाताखाली. मीच आता पेट्रोलचा डबा काढून दिला. ट्रॅक्टर माझा आहे, चालायला नको?

ठोकळे लावून इंजिन आणि गियरपेटी वेगळी केली. मधनं ताटाएवढी प्लेट निघाली. त्यानं ती झटकन धोतराच्या फडक्यात गुंडाळली. मला आधी कळेना, काय एवढं लपवतोय. इतक्यात आव्वा ताकाचा तांब्या घेऊन आली. तांब्या ठेवायला वाकली, फडक्याला पिवळं फुटलेलं दिसलं. तिनं फडकं उघडलं. प्लेट पिवळीजर्द, कडेला करपलेली. बोट फिरवलं, हुंगलं.

"हे काय रं?"

"गियरचं तेल आव्वा. तसंच असतंय ते."

"गियरच्या तेलाला हळदीचा वास येतोय व्हय?"

 तो फडकं परत गुंडाळायला लागला. ती म्हणाली, "म्या घातलं म्हणून बसला व्हय त्यो? आणि तू कट्ट्यावर गप बसलास, माझ्यापायी?" तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पहिल्याच दिवशी कळलेलं त्याला! बोटं चड्डीला पुसली तेव्हाच. स्प्रिंगबिंग सगळं नाटक. आईला कळू नये म्हणून जमीन सोडली ह्यानं! मला भयंकर राग आला. मी जिंकलो कुठं? त्यानं टाकलं ते मी उचललं.

आव्वा तिथंच उकिडवी बसलेली. पुटपुटली, "मला तर खांदा ठाऊकच न्हवता. मला तर..." मग थांबली. वळून सोप्याकडं, माझ्याकडं बघितलं. रवळूनं मान खाली घातली. पायगोंडानं रवळूकडं बघितलं, मग माझ्याकडं. जागा कुणी दाखवली ते पहिल्यांदाच कळलं त्याला. पाना हातातच होता.

 त्यानं पाना खाली ठेवला आणि पेट्रोलनं प्लेट धुवायला बसला. संध्याकाळी ट्रॅक्टर सुरू करून अंगणात पुढंमागं फिरवून दाखवला. उत्तम चालतो.

आव्वानं आज माझ्या पंक्तीला वाढलं नाही.

१० जून

सकाळी आव्वा माझ्यापुढं आली. तीच वाटी, तेच हळद कालवलेलं तेल. सदरा काढ म्हणाली. काढला. तिनं माझे दोन्ही खांदे मळले, बैलाचे मळते तसे, अंगठ्यानं जोर लावून, न बोलता. सगळं तेल संपेपर्यंत. मग म्हणाली, "त्या दिवशी जागा चुकली रं माझी. खांदा हितं असतोय. वढ आता एकटाच." वाटी उंबऱ्यावर पालथी घातली आणि बोचकं उचलून पायगोंडाच्या मागनं बेळगावच्या सर्व्हिस मोटारीला गेली.